न उघडलेली छत्री

स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाची मांडणी अगदी साधी होती. माणसानं घोड्याला दोरी धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवत न्यायचं, किंवा त्याच्यावर बसून तेवढंच अंतर जायचं. असं चार वेळा. माणूस आणि घोडा, दोघांच्याही हृदयाचे ठोके मोजले जात होते. चौथ्या फेरीआधी माणसाला सांगितलं गेलं, की या खेपेला तुम्ही जवळून जाताना एक जण छत्री उघडणार आहे. अचानक छत्री उघडली की घोडा बिचकतो, हे घोड्यांत वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. माणसाचे ठोके वाढले. प्रत्यक्षात छत्री उघडलीच गेली नाही, पण तेवढ्यात घोड्याचेही ठोके वाढले होते. छत्रीबद्दल त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याला जे कळलं ते शेजारच्या माणसाकडून कळलं.

उपचारासाठी घोडे ठेवणाऱ्या तबेल्यात पाहुणा म्हणून पाऊल टाकण्याआधी हा प्रयोग मनात घोळवावा. अशा तबेल्यात सेरेब्रल पाल्सी झालेली मुलं येतात, स्वमग्न मुलं येतात, डाउन सिंड्रोम असलेली येतात, पक्षाघातातून सावरणारी मोठी माणसं येतात, युद्धाचा धसका घेऊन परतलेले सैनिक येतात. त्यांच्याबरोबर आईवडील, भावंडं, शाळेतल्या बाई, देणगीदार, आणि अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये मुलांकडे राहायला गेलेले आजी-आजोबा. या सगळ्यांसाठी फाटकाशी एक पाटी असते. पायात बंद बूट हवेत. पळू नका, ओरडू नका. घोड्याच्या मागं उभे राहू नका. विचारल्याशिवाय हात लावू नका. खायला काही घालू नका. छत्री, फुगे, फडफडणाऱ्या पिशव्या बाहेर ठेवा. फ्लॅश मारू नका.

वरवर पाहता ही नुसती शिस्त वाटते. पण यातला एकेक नियम घोड्याच्या देहातून निघालेला आहे. कुठला त्याच्या डोळ्यांच्या जागेतून, कुठला कातडीखालच्या स्नायूतून, कुठला जठराच्या तोंडाशी असलेल्या झडपेतून. आणि मला सगळ्यांत विलक्षण वाटतं ते असं, की घोड्याच्या ज्या हळवेपणामुळे पाहुण्याला जपून वागावं लागतं, नेमक्या त्याच हळवेपणामुळे मुलाला गुण येतो. तो हळवेपणा नसता तर तबेला निर्धोक झाला असता, पण तिथं उपचार म्हणण्यासारखं काही उरलं नसतं.

आधी गुण कशामुळे येतो ते पाहू. घोडा सावकाश चालत असतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे हलते, डावी-उजवीकडे हलते, वर-खाली होते आणि प्रत्येक पावलाला किंचित वळतेही. वर बसलेल्या माणसाची कंबर या हालचालीबरोबर हलते, आणि ती हालचाल माणूस स्वतःच्या पायांनी चालताना त्याची कंबर जशी हलते तिच्याशी फार जुळणारी असते. घोडा चालीत असताना मिनिटाला शंभराच्या आसपास पावलं टाकतो. अर्ध्या तासात तीन हजार. ज्या मुलानं जन्मापासून एकही पाऊल टाकलेलं नाही, त्याच्या कमरेला, कण्याला आणि मेंदूला अर्ध्या तासात तीन हजार वेळा चालणं म्हणजे काय ते कळतं. शिवाय प्रत्येक पावलाला तोल थोडा ढळतो आणि तो सावरायला पोटाचे, पाठीचे स्नायू आपोआप आवळतात, मग सैल होतात. मुलाला कुणी ‘ताठ बस’ म्हणावं लागत नाही.

यातली ताकद जगाच्या नजरेत आली ती बरीचशी एका डॅनिश बाईमुळे. लिस हार्टेल घोडेस्वार होती. १९४४ मध्ये, पोटात मूल असताना, तिला पोलिओ झाला. पुष्कळ मेहनतीनंतर ती कुबड्यांच्या आधारानं चालू लागली, पण गुडघ्यांखालचे पाय लुळेच राहिले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात स्त्रियांना पहिल्यांदाच पुरुषांच्या बरोबरीनं उतरता आलं, तेव्हा ती तिथं होती. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला माणसं लागत. तिनं रौप्यपदक मिळवलं. १९५६ चं ऑलिंपिक मेलबर्नला होतं, पण ऑस्ट्रेलियाच्या कडक क्वारंटाइन नियमांमुळे घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला घ्याव्या लागल्या. तिथंही तिला रौप्य मिळालं.

ड्रेसाजमध्ये स्वार घोड्याला बरंचसं पायांनीच सांगतो. पोटरीचा दाब, टाचेचा स्पर्श. हार्टेलच्या पोटऱ्यांत बळ नव्हतं. तिची घोडी ज्युबिली तिच्या बैठकीतल्या बदलावर चालत असे. वजन थोडं इकडे, थोडं तिकडे, पाठ किंचित मागं. प्रेक्षकांना त्यातलं काही दिसतही नसेल. पुढं १९६९ साली ब्रिटनमध्ये ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ स्थापन झाली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत जी संस्था उभी राहिली तिला आज ‘पाथ इंटरनॅशनल’ म्हणतात. घोडा कसा निवडावा, मुलाभोवती किती माणसं असावीत, पाहुण्यांना कुठवर येऊ द्यावं, या सगळ्याची घडी अशा संस्थांनी बसवत आणली.

तर वजनातला एवढासा बदल ज्युबिलीला कळायचा कसा? उत्तर घोड्याच्या कातडीत आहे. त्याच्या पाठीवर माशी बसली तर तेवढ्याच जागेची कातडी थरथरते आणि माशी उडते. कातडीच्या लगेच खाली स्नायूचा एक पातळ पडदा पसरलेला असतो, त्याचं हे काम. साडेचारशे किलोच्या प्राण्याला माशीचं वजन जाणवतं! त्यामुळे खोगिरावरच्या मुलानं मान वळवली तरी घोड्याला ते समजतं, कारण मान वळली की खांदे वळतात, खांद्यांमागून कंबर, आणि कंबर वळली की वजन सरकतं.

यातूनच पाहुण्यांसाठीचा एक नियम निघतो, आणि तो पाळणं सगळ्यांत जड जातं: रिंगणातल्या मुलाला कुंपणापाशी उभं राहून हाक मारायची नाही. नातू पहिल्यांदा घोड्यावर बसलेला दिसला की आजीच्या तोंडून हाक निघणारच. पण हाक ऐकून नातू वळून पाहतो, त्याचं वजन आजीच्या दिशेला झुकतं, आणि घोडा ते ‘तिकडं वळ’ असं समजून घेतो. घोड्याची इथं काहीच चूक नाही. तो शिकवल्याप्रमाणे वागला. हाक मात्र आपली होती. म्हणून बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांनी बसायची जागा ठरवून दिलेली असते, आणि हात हलवायचा तो सत्र संपल्यावर.

आता डोळे. जमिनीवर राहणाऱ्या सस्तन प्राण्यांत सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी घोड्याचे डोळे आहेत, आणि ते डोक्याच्या दोन बाजूंना आहेत. मान न हलवता त्याला सुमारे ३५० अंशांतलं दिसतं. चरता चरता पुढचं, दोन्ही बाजूंचं आणि बरंचसं मागचं. गवताळ मैदानात लांडग्यापासून, सिंहापासून वाचायचं तर असेच डोळे हवेत. पण दोन्ही डोळ्यांनी मिळून, म्हणजे अंतराचा नीट अंदाज येईल असं, त्याला समोरच्या साधारण ६५ अंशांतच दिसतं. आणि काही जागा त्याला अजिबात दिसत नाहीत. थेट शेपटीमागची एक, कपाळाच्या अगदी पुढची एक, आणि नाकाखालची एक.

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. दुसऱ्या भागात दृष्टिविज्ञान आहे. शेपटीमागून चालत आलेला माणूस घोड्यासाठी अचानक कुठून तरी उगवतो, आणि दिसत नसलेल्या जागेतून जे येतं ते लांडगा असू शकतं, हे त्याच्या रक्तात लाखो वर्षांपासून मुरलेलं आहे. पळायला वाव असेल तर तो पळतो. नसेल तर दुगाण्या झाडतो. लाथेचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. मागचा पाय सुटतो तेव्हा सुरुवातीला त्याला वेग नसतो, पाय ताणला जाईपर्यंत तो वाढत जातो. म्हणून सराईत मोतद्दार घोड्यामागून जाताना एक तर त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून, तोंडानं बोलत, अगदी अंगाला लागून जातो, नाहीतर पुष्कळ लांबून. सर्वांत वाईट जागा मधली, जिथं नवखा माणूस ‘आपण जरा बाजूनं जातोय’ असं समजून चालत असतो. पाहुण्यानं लांबचाच रस्ता धरावा. मध्ये एक आख्खा घोडा मावेल आणि वर जागा उरेल, एवढं अंतर.

कपाळापुढच्या न दिसणाऱ्या जागेचंही असंच. लहान मूल मोठ्या प्रेमानं थेट समोरून येऊन घोड्याच्या कपाळावर हात ठेवायला बघतं. हात जवळ येता येता अदृश्य होतो, आणि घोडा मान झटकन वर उडवतो. त्या मानेचा आणि डोक्याचा फटका दात पाडायला पुरेसा असतो. खांद्याच्या बाजूनं, थोडं तिरपं, बोलत यावं; घोड्यानं मान वळवून पाहिलं की मग मानेवर किंवा खांद्यावर हात फिरवावा. थोपटण्यापेक्षा चोळलेलं त्यांना अधिक आवडतं. घोडे एकमेकांची मान दातांनी खाजवतात, थोपटत कधी नाहीत.

नाकाखाली दिसत नाही, मग घोडा गवत निवडून कसा खातो? ओठांनी आणि ओठांभोवतीच्या राठ, लांब केसांनी. त्या प्रत्येक केसाच्या मुळाशी नसांचं जाळं असतं. हे केस दिसायला चांगले नाहीत म्हणून स्पर्धेआधी कापून टाकायची जुनी चाल होती. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघानं २०२१ पासून आपल्या स्पर्धांत तिच्यावर बंदी घातली. मला हा निर्णय फार आवडला. तोंडापुढचं जग ज्यांनी चाचपायचं ते केसच कापून टाकणं म्हणजे आंधळ्याची काठी काढून घेणं.

मुलं ज्या घोड्यावर बसतात तो दुपारी ठाणावर डोळे अर्धे मिटून उभा असेल, तर तो जागा आहे असं धरून चालू नये. घोडा उभ्यानं झोपू शकतो. मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या एका उंचवट्यावर अडकवून तो पाय जणू कुलूप लावल्यागत ताठ ठेवतो. मग स्नायूंना जवळजवळ काहीच कष्ट पडत नाहीत. दुसरा मागचा पाय तेवढ्यात सैल सोडलेला असतो, खुराचं टोक जमिनीला टेकवून. दिवसभरात घोडा तीन ते पाच तासच झोपतो, तेही तुकड्यातुकड्यांनी. फक्त स्वप्नांच्या गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि आपण निर्धास्त आहोत अशी खात्री पटल्याशिवाय तो आडवा होत नाही. उभ्यानं पेंगणाऱ्या घोड्याला न बोलता हात लावला तर तो दचकून उठतो, आणि उठणारा प्राणी पाच क्विंटलच्या जवळ असतो. हात लावण्याआधी बोला, हा नियम त्यासाठी.

कानांकडे पाहत राहावं. घोड्याचे दोन्ही कान वेगवेगळे, जवळजवळ अर्धं वर्तुळ फिरू शकतात, आणि जिकडं कान तिकडं त्याचं लक्ष. एक कान स्वाराकडे मागं आणि एक पुढं, म्हणजे घोडा दोन कामं करतोय. दोन्ही टवकारलेले आणि मान उंच, म्हणजे त्याला काहीतरी दिसलंय जे आपल्याला अजून दिसलेलं नाही. मागं चपटे दाबून घेतले असतील तर तिथून मुकाट्यानं दूर व्हावं. माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. घोड्याला तेहेतीस हजारांपर्यंतचा. आपल्याला शांत वाटणारा तबेला त्याच्यासाठी शांत असेलच असं नाही.

अंधार-उजेडाबाबतही घोड्याचं जग निराळं आहे. त्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे रात्री त्याला आपल्यापेक्षा पुष्कळ चांगलं दिसतं. पण उजेडातून अंधारात किंवा अंधारातून उजेडात गेलं, की त्याच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. तबेल्याच्या दारातून तो आत येतो तेव्हा काही काळ त्याच्यापुढं काळोखाची गुहा असते. तिथंच तो अडतो, किंवा एकदम झेप घेऊन आत घुसतो. नेमक्या त्याच दारात सावली बरी म्हणून पाहुणे गप्पा मारत उभे राहतात! दार मोकळं ठेवा, हे सांगून सांगून तिथली माणसं थकतात.

घोडा आपला चेहराही वाचतो. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये २८ घोड्यांना अनोळखी पुरुषांची मोठी छायाचित्रं दाखवली. काहींत चेहरा हसरा, काहींत रागावलेला. रागीट चेहऱ्याकडे घोड्यांनी डाव्या डोळ्यानं पाहण्याकडे कल दाखवला आणि त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढले. डाव्या डोळ्यानं दिसलेलं मुख्यतः मेंदूच्या उजव्या भागात जातं, आणि धोक्याची दखल घेण्यात तो भाग पुढं असतो. छायाचित्रात आवाज नाही, वास नाही, हालचाल नाही. नुसता कागदावरचा राग. रिंगणाबाहेर उभ्या असलेल्या दोन माणसांचं भांडण चाललं असेल तर आत काय पोचत असेल, याची कल्पना करा.

आता पायांकडे. घोड्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. साडेचारशे किलोचा घोडा नुसता उभा असला तरी एकेका पुढच्या खुरावर सव्वाशे किलोहून जास्त. खाली बहुतेकदा लोखंडी नाल. आपल्या पायावर खूर पडलाय हे घोड्याला कळतं, पण ते कुणाला दुखतंय हे कळेलच असं नाही. चपला, सँडल, कापडी बूट चालत नाहीत ते यासाठी. देवळाच्या सवयीनं कुणी वहाणा बाहेर काढून आत येऊ लागलं, तर त्याला हात धरून थांबवावं.

खाऊचा नियम मात्र आपल्याकडच्या माणसांना खरोखर कठीण जातो. दारात आलेल्या जनावराला घास द्यायचा, गूळ-हरभरा द्यायचा, ही आपली माया आहे, आणि ती खरीच आहे. पण घोड्याच्या पोटाची घडण समजली की हात आपोआप मागं येतो. घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट आवळलेला असतो, की आत गेलेलं परत बाहेर येऊ शकत नाही. एवढ्या मोठ्या प्राण्याचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. दिवसभर थोडं थोडं गवत खात राहायचं, यासाठी ते बनलेलं. चुकीचं काही गेलं, एकदम जास्त गेलं, की पोटशूळ उठतो, आणि घोडे पोटशुळानं मरतात. उपचाराच्या तबेल्यातले घोडे बहुधा पोक्त वयाचे, कारण वयानं आलेली स्थिरता तिथं हवी असते. अशा वयात साखर सोसत नाही. ती जास्त झाली तर खुरांच्या आतल्या नाजूक पापुद्र्यांना सूज येते आणि घोड्याला पाऊल टाकणं असह्य होतं. वीस पाहुण्यांनी प्रेमानं दिलेले वीस गुळाचे खडे अशा घोड्याला कायमचं लंगडं करू शकतात.

दुसरं कारण तिथल्या मुलांशी जोडलेलं आहे. हातातून खाऊ मिळू लागला की घोडा हात हुंगायला, ओठांनी चाचपायला, मग दातांनी धरून पाहायला शिकतो. ज्या मुलाला आपली मूठ हवी तेव्हा उघडता येत नाही, त्याच्या बोटांशी हे शिकलेलं तोंड आलं तर? म्हणून बक्षीस द्यायचंच असेल तर पुष्कळ ठिकाणी ते बादलीत टाकून देतात. गाजर तिथल्या माणसांकडे द्यावं, ते चंदीत मिसळतात.

रिंगणात एका मुलाबरोबर बहुधा तीन माणसं चालत असतात. एक घोड्याच्या डोक्याशी. त्यानं फक्त घोड्याकडे पाहायचं, मुलाकडे नाही. दोघं दोन्ही बाजूंना, मुलाच्या मांडीवर आडवा हात ठेवून; त्यांनी फक्त मुलाकडे पाहायचं. शिक्षक मधोमध उभं राहून सगळ्यांकडे पाहतो. पाहुण्यांच्या मनात येणारा एक प्रश्न असा, की मुलाला पट्ट्यानं घोड्याला बांधूनच का टाकत नाहीत? बांधलेलं मूल पडणार नाही, हे खरं. पण घोडाच पडला तर ते त्याच्याखाली सापडेल, आणि घोडा पळाला तर कुणाला त्याला ओढून उतरवता येणार नाही. म्हणून मुलाला घोड्याला बांधायचं नाही, हा तिथला पक्का दंडक. घोडा उधळण्याच्या बेतात असेल तर शिक्षकाच्या एका शब्दावर बाजूची माणसं मुलाला अलगद खेचून उतरवतात आणि पुढचा माणूस घोडा पुढं काढतो. याचा सरावही करून ठेवलेला असतो.

तिथल्या सामानात मला एक सूत्र सापडलं आणि मी थक्क झालो. जीव वाचवणाऱ्या अनेक वस्तू तुटण्यासाठीच बनवलेल्या असतात. पीकॉक नावाच्या रिकिबीची बाहेरची बाजू लोखंडाची नसते, तिथं एक जाड रबरी कडं लावलेलं असतं. मूल पडलं आणि पाऊल अडकलं, तर कडं निसटतं आणि पाऊल सुटतं. रिकिबीत पाय अडकून फरफटत जाणं हा घोडेस्वारीतला सर्वांत भयानक अपघात, आणि त्याला अडवतं ते रबराचं कडं. घोडा बांधायच्या भिंतीतल्या कडीत पुष्कळ तबेले साध्या सुतळीचा फास ठेवतात आणि दोरखंड त्या सुतळीला बांधतात. अडकलोय असं वाटलं की घोडा जिवाच्या आकांतानं मागं ओढतो. दोर आणि कडी दोन्ही भक्कम असतील तर मोडते ती त्याची मान किंवा शेजारच्या माणसाचे हातपाय. सुतळी तुटते, घोडा दोन पावलं मागं जातो, बहुतेक वेळा तिथंच उभा राहतो. आणि हेल्मेट. त्याच्या आतला फोम डोक्याला बसणारा हिसका स्वतः चिरडून घेतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं असतं. अमेरिकेत ते ‘एएसटीएम एफ ११६३’ या घोडेस्वारीच्या मानकाचं लागतं. सायकलचं हेल्मेट सायकलवरून पडण्यासाठी तपासलेलं असतं, ते इथं चालवून घेत नाहीत.

दोर हाताला गुंडाळायचा नाही, हे तिथं पहिल्या दिवशी शिकवतात. पाहुण्याला कुणी क्षणभर ‘धरता का?’ म्हणून दोर दिला, तर तो घडी घालून मुठीत धरावा, बोटांभोवती वेढा नको. घोड्यानं मान झटकली तर मूठ सुटेल. वेढा आवळेल.

काही मुलांना कितीही इच्छा असली तरी घोड्यावर बसवत नाहीत. डाउन सिंड्रोममध्ये काहींच्या मानेतले वरचे दोन मणके एकमेकांवर जास्त सैल असतात, आणि हिसका बसला तर मज्जारज्जूला धोका असतो. आधी डॉक्टरांची तपासणी, मग स्वारी. शेजारचं मूल बसलं आणि आपलं का नाही, असं आईबापांना वाटणं साहजिक आहे, पण इथं घाई करू नये.

एवढं सगळं करून मुलांना खरंच फायदा होतो का, याचा एक चांगला अभ्यास कोलोरॅडोत झाला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ६ ते १६ वयाची १२७ स्वमग्न मुलं होती. निम्म्यांना दहा आठवडे घोडेस्वारी शिकवली. उरलेल्यांना तबेल्यातच घोड्यांविषयी शिकवलं, पण जिवंत घोड्याशी संबंध येऊ दिला नाही. घोड्यावर बसलेल्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली, बोलण्यात आणि मिसळण्यातही सुधारणा दिसली. जागा तीच, विषय तोच. फरक फक्त त्या श्वास घेणाऱ्या, ऐकणाऱ्या देहाचा.

रिंगणात कधी एखादं मूल पडतंही. तेव्हा पाहुण्यांनी बसल्या जागेवरून उठायचं नाही, आईनंसुद्धा. आईला हे सांगणं किती क्रूर वाटत असेल, ते मला कळतं. पण रिंगणात आणखी दोन-तीन घोडे आणि त्यांच्यावर आणखी दोन-तीन मुलं असतात. धावत येणारं माणूस त्या प्रत्येक घोड्याला दिसतं, आणि कळपातला एक बिचकला की बाकीच्यांना कारण विचारायला वेळ नसतो. सगळे घोडे थांबवले जातात, शिक्षक पडलेल्या मुलापाशी पोचतो, आणि मग आईला बोलावतात.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तबेल्याच्या फाटकाशी कायद्यानं सांगितलेली एक सूचनाही लावलेली दिसते: घोड्यांजवळ येण्यात जो अंगभूत धोका आहे, त्यातून इजा झाल्यास घोडे सांभाळणाऱ्यांना सहसा जबाबदार धरता येणार नाही. त्या कायद्यांत अंगभूत धोका म्हणजे काय तेही सांगितलेलं असतं. आवाज, अचानक हालचाल, अनोळखी वस्तू, माणसं किंवा प्राणी यांना घोडा कशी प्रतिक्रिया देईल याचा भरवसा नसणं. घोड्याला घोडा म्हणून कायद्यात जागा मिळाली आहे, हे वाचून मला बरं वाटतं.

निघताना हात साबणानं धुवावेत, मुलांचे तर नक्कीच. घोड्याच्या आतड्यात आणि लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, त्यांचे बीजाणू तबेल्याच्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पायाला जखम असेल तर झाकून जावं, आणि धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. याच धनुर्वातावर आणि सर्पदंशावर लागणारी प्रतिद्रव्यं मात्र घोड्याच्याच रक्तातून मिळवलेली आहेत. आपल्याकडे पिंपरीला हाफकिन संस्थेच्या घोड्यांकडून ती घेतली गेली आणि कितीतरी शेतकऱ्यांचे जीव वाचले.

एका मुलामागं तीन माणसं म्हटल्यावर पगारी माणसांवर हे भागत नाही. अशी बहुतेक केंद्रं स्वयंसेवकांवर चालतात, आणि त्यातले पुष्कळ जण सुरुवातीला कुणाचे तरी आजोबा, कुणाची तरी मावशी म्हणून बाकावर येऊन बसलेले असतात. घोड्याचा अनुभव असायलाच हवा असं नसतं. काही तासांचं प्रशिक्षण असतं. खरारा कसा करायचा, मांडीवर हात कसा ठेवायचा, शिक्षकानं सांगितलं की मुलाला कसं उतरवायचं. सर्वांत आधी शिकवतात ते घोड्याशेजारी नुसतं चालायला: त्याच्या खांद्याच्या रेषेत, सैल हातांनी, आपला श्वास सावकाश ठेवून.